परसातला मांडव



परसबाग करू इच्छिणाऱ्या गृहस्थाला पहिली धास्ती वाटते ती खर्चाची. आणि ती निराधारही म्हणता येत नाही, कारण लोखंडी नळ, जस्ताची तार आणि नायलॉनची जाळी बाजारभावाने खरेदी करून दोन गुंठ्यांत मांडव उभारला, तर त्याची भरपाई करण्यास दोडकी-पडवळांना कित्येक हंगाम लागतील. तथापि ज्या कोकणपट्टीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि लाकूड कुजण्यास सारी परिस्थिती अनुकूल असते, तेथेच पिढ्यानुपिढ्या जवळजवळ बिनपैशाचे मांडव उभे राहत आले आहेत. म्हणून तेथील वहिवाट मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

मांडव पडतो कोठून? वरची कामटी मोडली तर ती सहज बदलता येते. मेढ मात्र मोडते ती बहुधा जमिनीलगत. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो आणि हवाही लागते. खोल मातीत ओल असली तरी हवा अपुरी, उंचावर हवा मुबलक पण ओल टिकत नाही, आणि या दोहोंचा संयोग होतो तो भुईलगतच्या वीतभर पट्ट्यात. तेव्हा जी काही तरतूद करावयाची ती या एका वितीसाठी करावी आणि बाकीचा मांडव निःशंकपणे स्वस्त ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वितीवरचा सर्वोत्तम इलाज म्हणजे मेढच जिवंत ठेवणे. मिरजेकडील पानमळ्यांत नागवेलीला शेवरी, शेवगा, पांगारा यांचा आधार देण्याचा शिरस्ता जुना आहे. तीच तजवीज परसात करावी. पांगाऱ्याची किंवा गिरिपुष्पाची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर हातभर खोल रोवली की तिला मुळे फुटतात, आणि जिवंत लाकूड बुरशीला सहसा दाद देत नाही. शिवाय पांगारा हिवाळ्यात पाने गाळतो, त्यामुळे थंडीतल्या वालाला हवे तेव्हाच ऊन मिळते. गिरिपुष्प हे तर शेंगवर्गीय झाड, त्याचा पाला आळ्यात टाकला की उत्तम हिरवळीचे खत होते.

आडव्या कामासाठी बांबू, आणि बांबूच्या बाबतीत पैशापेक्षा मुदतीला अधिक किंमत आहे. कोवळा बांबू घेऊ नये. किमान तीन वर्षांचा, निबर झालेला घ्यावा, आणि तोही पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा, कारण त्या सुमारास त्यातील पिष्ट कमी असते व पिष्टावर पोसणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला खाद्य उरत नाही. तोडलेले बांबू ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली तीन-चार आठवडे दाबून ठेवले की उरलेसुरले पिष्टही बरेचसे निघून जाते. कापताना पेराचे भान ठेवावे: उभ्या बांबूचे वरचे टोक गाठीच्या अगदी वर कापावे, नाहीतर पोकळ नळीत पाणी साचून तो आतून कुजतो. खिळा मारू नये, बांबू चिरतो. काथ्याचा सुंभ आवळून बांधावा आणि सैल पडला की पुन्हा बांधावा.

मांडवाची उंची माणसाच्या डोक्यावर हातभर असावी. पडवळ खाली सरळ लोंबू शकते, आणि ते वाकडे होऊ लागले तर शेंड्याला लहानसा खडा बांधण्याची पद्धत गृहिणींना ठाऊकच आहे. शिवाय खालच्या सावलीत हळद, आले, अळू यांची सोय होते. ती जागा मोकळी टाकणे हा मला जमिनीवरचा अन्याय वाटतो.

कार्तिकात वेल वाळले की सुंभ सोडून कामट्या उतरवाव्यात आणि चुलीच्या धुराच्या वाटेवर, आढ्याखाली आडव्या ठेवाव्यात. जिवंत मेढी मात्र उभ्याच राहू द्याव्यात. वैशाखात त्यांची छाटणी करावी, पाला आळ्यांत टाकावा, आणि सरळ, जाड फांद्या निवडून ठेवाव्यात, म्हणजे शेजारच्या परसातील मांडवासाठी मेढी विकत आणाव्या लागणार नाहीत.