शुक्र कुणाकुणाचा?



रत्नागिरीकडच्या एखाद्या मुसलमान आजीला 'बरी आहेस ना?' म्हणून विचारून बघा. गुडघे ठणकत असले तरी आधी 'अल्हम्दुलिल्लाह', म्हणजे अल्लाहची स्तुती असो, गुडघ्यांचं गाऱ्हाणं मागाहून. शिंक आली तरी हेच, जेवण उरकलं तरी हेच. जिभेला तसं वळणच पडलेलं. पण नुसत्या जिभेवर शुक्र, म्हणजे कृतज्ञता, भागतो का?

इमाम गझाली हे इराणातल्या तूसचे, जन्म 1058चा. त्यांच्या 'इह्या उलूम अद्दीन' या थोरल्या ग्रंथात सब्र म्हणजे धीर आणि शुक्र यांवर अख्खं प्रकरण आहे. शुक्राची तीन अंगं ते सांगतात: देणाऱ्याची जाण, त्यातून मनाला होणारा आनंद आणि हातून घडणारं काम. खरी कसोटी तिसऱ्या अंगाची, असं मला वाटतं. दुसऱ्याचं उणं दिसलं तर झाकायचं, हा डोळ्यांचा शुक्र. कानावर आलेलं तिथंच पुरायचं, हा कानांचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात रोजे सोपे, हे अवघड!

एका रोटीमागे किती जणांचे हात असतात, हे मोजायला लागले की गझाली थांबतच नाहीत. ढग हाकणाऱ्या फरिश्त्यांपासून सुरुवात करून नांगरणारा, दळणारा, भाजणारा, शिवाय त्यांची अवजारं घडवणारे लोहार-सुतार असे एकेकाला धरत ते हजारावर जातात. साधी सुई, पण तीही म्हणे कारागिराच्या हाताखालून 25 वेळा जाते. आता यांतल्या कुणाला वगळून शुक्र करायचा? माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही मानत नाही, अशा आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहेच. कुरआनातल्या सूरह लुकमानमध्येही अल्लाहच्या शुक्रापाठोपाठ आईबापांचा येतो.

घरात मूल जन्मलं की अकीका करतात, तोही शुक्रच. सातव्या दिवशी जावळ काढायचं, त्याच्या भाराइतकी चांदी किंवा तिची किंमत गोरगरिबांना द्यायची. तान्ह्याचं जावळ ते केवढं, चांदी चिमूटभरच भरते. अकीक्यासाठी कापलेल्या बकऱ्याच्या मटणाचे वाटे शेजारीपाजारी, नात्यागोत्यात आणि गरिबांकडे जातात. हल्ली मात्र काही घरांत हॉल, केटरर आणि फोटोग्राफर यांचं आधी ठरतं, आणि चांदीची आठवण मंडप उतरल्यावर होते.