परीक्षेचा अभ्यास : ओळख आणि आठवण
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींशी अभ्यासाविषयी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहोत. अभ्यास कसा करावा यावरील व्याख्यानाइतका कंटाळवाणा प्रसंग विद्यार्थ्याच्या वाट्यास दुसरा येत नसावा, हे आम्ही जाणतो. मागच्या रांगेतील मंडळींनी दाराकडे पाहण्यास आतापासूनच सुरुवात केली आहे! तरीही थोडे थांबावे.

आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहावयाची तर मागील वर्षाचे सर्व विषय सुटलेले असावे लागतात. दरवर्षी अर्ज तपासावयास बसलो म्हणजे दोन-चार गुणपत्रिका अशा हाती येतात की त्या बाजूला ठेवताना हात जड होतो. मुलगा उनाड नसतो. त्याच्या खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत दिवा असतो, असे शेजारी सांगतात. वडिलांची नोकरी बेताची, आई शिवणकाम करून हातभार लावते, आणि एका विषयापायी फीची रक्कम हातची जाते. अशा मुलास ‘अभ्यास कर’ म्हणून सांगणे म्हणजे त्याची थट्टाच आहे. श्रम तो करतोच. ते कोठे खर्ची पडतात, एवढेच पाहिले पाहिजे.

बहुतेक विद्यार्थी काय करतात? टिपणे वाचतात. पुन्हा वाचतात. पिवळ्या, गुलाबी पेनाने ओळी रंगवतात. तिसऱ्या वाचनास सगळे पान ओळखीचे वाटू लागते आणि ‘हा धडा झाला’ म्हणून पान उलटले जाते. येथेच फसगत आहे. ओळखणे निराळे आणि आठवणे निराळे. सुरसागराच्या काठाने आपण वडोदऱ्याचे लोक किती वेळा गेलो असू! न्यायमंदिराची इमारत चित्रात पाहिली तरी क्षणात ओळखू. पण डोळे मिटून तिच्या दर्शनी भागास कमानी किती, हे या सभेत कितीजण सांगतील? परीक्षेत नेमके हेच घडते. तेथे पुस्तक समोर नसते; कमानी मोजून दाखवावयाच्या असतात.

हे केवळ आमचे मत नव्हे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काही वेळा तोच उतारा पुन्हा वाचवून घेतला. काही वेळा दुसऱ्या वाचनाऐवजी उतारा काढून घेऊन आठवेल ते कागदावर लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेले शेकडा 81 आठवले, आणि एकदा वाचून एकदा लिहिलेले 75. म्हणजे वाचनाचीच सरशी. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्यापैकी 42 उरले आणि आठवून लिहिलेल्यापैकी 56. पहिल्या पाच मिनिटांच्या त्या सरशीनेच आपली मुले भुलतात. रात्री वाचून झाल्यावर सारे येते असे वाटते ते खोटे नसते. ते टिकाऊ नसते, एवढेच.

विस्मरणाचा हिशेब तर त्याहून जुना आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थहीन अक्षरांच्या माळा पाठ करावयाच्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात हे मोजावयाचे, असा त्याचा चिकाटीचा उद्योग होता. एका तासात निम्म्याहून अधिक गेले, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश उरले, पण महिन्यानेही एक पंचमांश शिल्लक होतेच. गळती आहे ती आरंभी. म्हणून डागडुजीही आरंभीच हवी. त्याला आणखी एक गोष्ट आढळली. एकाच दिवशी 68 वेळा केलेल्या आवृत्तीने जे साधले, ते तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 आवृत्त्यांनी साधले. जवळजवळ निम्म्या श्रमांत तेच फळ! परीक्षेच्या आदल्या रात्री विहीर खणणाऱ्यांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक नव्हते असे नाही. वेदपाठशाळेत संहितेनंतर पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट रीतींनी तेच शब्द पुनःपुन्हा म्हणवून घेत, तेही पोथी न पाहता. पावकी, निमकी, औटकी सायंकाळी परवच्यास म्हटली जाई, ती रोज थोडी. मात्र यावरून कोणी घोकंपट्टीचा निर्णय घेऊ नये. पाढा न समजताही चालतो. उष्मागतिकीचा नियम किंवा भागीदारीचे हिशेब न समजता पाठ केले तर प्रश्न थोडा फिरवून आला की गाडी अडलीच.

आता प्रत्यक्ष करावयाचे ते सांगतो. एक धडा वाचावा, समजून घ्यावा आणि पुस्तक मिटावे. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, आकृती काढावी, सूत्र मांडावे. मग पुस्तक उघडून राहिलेले तांबड्या शाईने भरावे. पहिल्या दिवशी कागद तांबडाच होईल. त्याने खचू नये, ते तांबडे म्हणजेच तुमचा खरा अभ्यासक्रम. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरवड्याने. दर खेपेस वेळ कमी लागतो. गणिताच्या व हिशेबाच्या विद्यार्थ्यांनी सोडवलेले उदाहरण नुसते वाचून मान डोलावू नये; उत्तर झाकून स्वतः सोडवावे. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने करण्यापेक्षा तीन-चार प्रकरणांतील मिसळून करावीत. परीक्षेत हे उदाहरण कोणत्या प्रकरणातील आहे, हे कोणी सांगत नाही. ते ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो. आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक न उघडता सोडवाव्यात. नुसत्या ‘पाहून’ ठेवलेल्या प्रश्नपत्रिकेचा उपयोग पंचांगाइतकाच.

आपल्या मुलांची एक अडचण मात्र पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी. शाळेत वर्गात पुढे असणारा मुलगा पहिल्या सत्रात मुका होतो, कारण विषय नवा आणि भाषाही नवी. मग तो इंग्रजी वाक्ये अर्थ न कळता पाठ करतो, आणि एक शब्द निसटला की सारे उत्तर कोसळते. आमचा सल्ला असा की, धडा समजला की नाही हे मराठीत तपासावे. मागणी आणि किंमत यांचा संबंध आजीस सांगून पाहा. भाजीचा भाव तिला तुमच्या प्राध्यापकांइतकाच कळतो, आणि ‘असे का बरे?’ हा तिचा प्रश्न भल्याभल्यांची फजिती करतो. सांगता आले म्हणजे समजले. त्यानंतर तेच उत्तर स्वतःच्या साध्या, आखूड इंग्रजी वाक्यांत लिहावे. पारिभाषिक शब्दांची निराळी वही करावी, शब्द एका बाजूस, अर्थ मराठीत वा गुजरातीत दुसऱ्या बाजूस, आणि एक बाजू झाकून स्वतःस विचारावे. ज्या भाषेत विचार चालतो तिचा आधार घेण्यात कमीपणा कसला?

मोबाइलविषयी फार बोलणार नाही. वडीलधाऱ्यांच्या हातातही तो दिवसभर असतोच. अभ्यासाच्या तासाभरात तो दुसऱ्या खोलीत राहू द्यावा, एवढे पुरे. झोपेची काटकसर करू नये. दिवसा शिकलेले मनात पक्के होण्यास झोपेचा हातभार लागतो, आणि जागरणाने जड झालेले डोके पेपरात पाहिजे तेव्हा चालत नाही.

पालकांसही थोडे सांगावयाचे आहे. ‘किती तास बसलास?’ हा प्रश्न सोडून द्यावा. तास मोजले की मुले तास भरून दाखवतात. ‘आज काय आठवले, सांग पाहू’ असे विचारावे आणि ऐकावयास बसावे, न समजले तरी बसावे. दुसरे, सत्रपरीक्षा आणि लग्नसराई यांचे साटेलोटे आहे की काय न कळे. तुळशीचे लग्न लागले की एक परीक्षा, वैशाख जवळ आला की दुसरी. प्रत्येक हळदीस आणि प्रत्येक सीमांतपूजनास मुलीने गेलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये. मुलाला अभ्यास म्हणून घरी ठेवतात आणि मुलीला मदतीला नेतात, हेही आम्ही पाहतो. परीक्षा दोघांचीही सारखीच कठीण असते.

दोन खोल्यांच्या घरात पाहुणे आले, दूरदर्शन संच चालू झाला, तर मुलांनी बसावे कोठे, ही तक्रार रास्त आहे. विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आहे, आपली अभ्यासिकाही आहे. जुन्या प्रश्नपत्रिका विषयवार लावून तेथील दाराजवळच्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा खालच्या फळीवर आहे. तो संपला की कार्यालयात सांगावे, दुसरा मिळेल. ज्यांचा एखादा विषय राहिला आहे त्यांनी ती गुणपत्रिका लपवून न ठेवता रविवारी सकाळी घेऊन यावी. आपल्यातील काही निवृत्त प्राध्यापक व अभियंते त्या वेळी तेथे बसतात. मराठी, गुजराती, इंग्रजी, ज्या भाषेत अडले असेल त्या भाषेत विचारावे.