तुरट चवीचा पक्का रंग



आत येताना प्रत्येकाच्या हातावर हिरड्याचा एक तुकडा ठेवला होता. तो आता जिभेवर ठेवा. तोंड आवळलं ना? मला आज सांगायचंय ते एवढंच: जे तुमच्या जिभेला धरतं, तेच कापडावर रंगाला धरून ठेवतं.

हा हिरडा आपल्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्याच्या डोंगरातला. तिथले महादेव कोळी तो पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आले. कोवळेपणीच वाळलेला तो बाळहिरडा, औषधाचा. मोठ्या फळांना मात्र चांभारी हिरडा, रंगारी हिरडा अशी नावं. कातडं कमावणारा आणि कापड रंगवणारा, दोघांना हवा होता तो त्यातला तुरटपणा, म्हणजे टॅनिन. संस्कृतात तुरट चवीला कषाय म्हणतात आणि भिक्षूच्या रंगवलेल्या वस्त्राला काषाय. चव आणि रंग यांचं हे नातं भाषेने कधीच ओळखलं होतं.

लोकर आणि रेशीम रंग चटकन घेतात. सूत तसं घेत नाही. नुसतं रंगाच्या काढ्यात उकळलं तर दोन धुण्यांत फिकं पडतं. म्हणून आधी त्याला हिरडा पाजायचा. शंभर ग्रॅम कापड धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ करा. वीस ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवा, गाळा, त्यात कापड बुडवा आणि न खळबळता पिळून वाळवा. मग पंधरा ग्रॅम तुरटीचं कोमट पाणी. टॅनिन सुताला धरतं, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम टॅनिनला धरतं आणि रंग अ‍ॅल्युमिनियमला. एकाने दुसऱ्याचा हात धरावा, तसं.

आता इकडे पाहा. या दोन पट्ट्या एकाच मांजरपाटाच्या. एक कोरी, दुसरी हिरड्यातून काढलेली. गंजके खिळे आणि गूळ पंधरा दिवस पाण्यात आंबवून हे लोहपाणी केलंय. कोऱ्या पट्टीवर थेंब टाकला: गंजाचा पिवळट डाग. हिरड्याच्या पट्टीवर टाकला: बघता बघता काळा! थेंब तोच, फरक हिरड्याने केला. पण लोह जपून वापरा, जास्त झालं की सूत विरतं.

आपल्या बांधावरची बाभूळही तुरटच. तिच्या सालीने तुरटीवर तपकिरी रंग येतो, लोहावर करडा-काळा. पळसाच्या फुलांचा पिवळा देखणा, पण तो उन्हात उडतो, हेही सांगितलं पाहिजे. आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल पक्का होता. मात्र 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान यांनी जर्मनीत लाल रंग देणारं अ‍ॅलिझरिन प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढे आलीची शेती मोडली. ही रंगाची विद्या तर फार जुनी: मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला, मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांनी रंगवलेला सुती तुकडा सापडला आहे. चार हजारांहून अधिक वर्षं आपण जे करत होतो, ते दोन पिढ्यांत विसरलो.

ही विद्या परत आणायची तर झाडाच्या जिवावर नको. उभ्या खोडाची साल गोलाकार काढली की झाड मरतं. छाटलेल्या फांदीची साल घ्या, बाभळीच्या गळलेल्या शेंगा घ्या, डाळिंबाची फेकायची सालं घ्या. मोरचूद आणि क्रोमचे क्षार घरात आणू नका. तुरटी पुरेशी आहे.

जाताना हिरड्यातून काढलेली एकेक पट्टी प्रत्येकाने बरोबर न्यावी. बाभळीची साल उकळा, पट्टी तुरटीच्या पाण्यातून काढून त्यात बुडवा, सात वेळा धुवा. उरेल तो रंग तुमच्या गावचा.