धारेचे माप



सोलापूरकराला रेशन म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. उजनीचे पाणी काही दिवसांआड नळाला यावे, पिंपे भरून ठेवावीत, बादल्यांचा हिशेब राखावा, ही आपली अनेक वर्षांची सवय. आज मी निराळ्या रेशनाविषयी बोलणार आहे. घरातल्या इंटरनेटला कंपन्या डेटाची जी मर्यादा घालतात, तिच्याविषयी.

आधी गणित पाहू. टीव्हीवर एचडी चित्रपट इंटरनेटवरून पाहिला, तर तासाला सुमारे 3 जीबी खर्च होतात. 2019 साली जिओफायबर सुरू झाले, तेव्हा 699 रुपयांच्या योजनेत महिना 100 जीबी मिळत. भागाकार करा. तेहतीस तास, म्हणजे रोजचा जेमतेम एक तास! त्यापुढे वेग 1 मेगाबिटवर उतरे आणि तेवढ्या धारेत एचडी चित्र चालत नाही. पुढच्याच वर्षी 'अमर्याद' योजना आल्या. त्यांनाही 3300 जीबीची मर्यादा होतीच. पण तेवढ्यात असे 1100 तास बसतात आणि महिन्याचे तास 720. एक टीव्ही अहोरात्र चालला तरी ही मर्यादा ओलांडत नाही. ज्या घरी काचेची तार पोचली, तिथला प्रश्न असा बराचसा सुटला.

कोणी म्हणेल, जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावे, यात वावगे काय? तार टाकायला पैसा लागतो, हे खरेच. पण पाण्याची उपमा येथे अर्धीच लागू पडते. धरणातले आज वाचवलेले पाणी उद्या उपयोगी येते. तारेचे तसे नाही. पहाटे तीन वाजता ती रिकामी राहिली, म्हणून रात्री नऊची गर्दी कमी होत नाही. अडचण गर्दीच्या वेळेची आहे. माप मात्र दिवसाचे किंवा महिन्याचे लावले जाते.

याचा खरा जाच तार नसलेल्या घरांना होतो. विड्या वळणाऱ्या बाईच्या, यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराच्या घरी एकच मोबाइल आणि रोजचे दीड जीबी. एचडी चित्राच्या हिशेबाने हा अर्ध्या तासाचा शिधा. त्यातून काही उरले, तरी मध्यरात्री ते बुडते. पिंपातले उरलेले पाणी निदान आपले असते!

2020 साली शाळा बंद पडल्या, तेव्हा हा फरक करमणुकीपुरता राहिला नाही. ज्या पोराचा डेटा संपला, त्याचा धडा संपला. त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाचा गुण हा, की एका घराने पाहिले काय आणि लाख घरांनी पाहिले काय, कोणाच्याही वाट्याचे कमी होत नाही. इंटरनेटच्या दिमाखात हे जुने साधन आपण मोडीत काढू नये.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. जोडणी घेताना दोन प्रश्न विचारा: मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती? 2023 पासून सरकारी व्याख्येनुसार 2 मेगाबिटच्या खालचा वेग ब्रॉडबँड ठरत नाही. तेवढा तरी मागून घ्या. दिवसाचा उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळावा, हीही मागणी करा. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या वस्तूला मर्यादा असेल, तर ती ठळक अक्षरांत सांगितली पाहिजे. पैसे मोजणाऱ्याला माप पाहण्याचा अधिकार असतो. मंगळवार बाजारात आपण तो कधी सोडत नाही, येथेही सोडू नये.