पिळदार दंड आणि रक्तातील गुठळी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटला. सहा महिन्यांत त्याचे दंड दुप्पट झाले होते. चौकशी करता त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखविली व म्हणाला, "सर, सगळेच घेतात. रक्त तपासले, हिमोग्लोबिन उलट वाढले आहे!" ते वाढलेले हिमोग्लोबिनच मला अस्वस्थ करून गेले. मी डॉक्टर नव्हे. परंतु त्यानंतर जे वाचले व जाणकारांना विचारले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक खुलासा. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी डॉक्टर देतात ते स्टेरॉइड निराळे. ते कोणीही घाबरून बंद करू नये. मी बोलतो आहे ते अॅनाबॉलिक स्टेरॉइडविषयी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या नकलांविषयी. 1988 साली सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर 9.79 सेकंदांत धावला आणि स्टॅनोझोलॉल सापडल्याने त्याचे सुवर्णपदक गेले, ते औषध याच जातीचे.

आता रक्ताकडे वळू. ही औषधे तांबड्या पेशींची निर्मिती वाढवितात. निरोगी पुरुषाच्या रक्तात या पेशींचा भाग शंभरात साधारण 40 ते 50 असतो. उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन दिलेल्या रुग्णात तो 54 च्या वर गेला, तर डॉक्टर औषध थांबवितात. आमची मुले मात्र उपचाराच्या कित्येक पट मात्रा घेतात, आणि मोजणारे कोणी नसते. पेशी वाढल्या की रक्त दाट होते, संथ वाहते. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांची आपल्याला काळजी लागते त्या प्लेटलेट या औषधांनी अधिक चिकट होतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. त्यात चांगले कोलेस्टेरॉल घटते, विशेषतः तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी. रक्त गोठविणारी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात, आणि याच गोळ्यांचा यकृतावर भार पडतो.

यावर विकणारा म्हणतो, "स्टॅनोझोलॉलने तर गुठळी विरघळते." हे अगदीच खोटे नाही. गुठळी विरघळविणारी शक्ती वाढलेली काही प्रयोगांत दिसली होती, आणि एके काळी डॉक्टरांनी ते त्यासाठी वापरूनही पाहिले. अर्धे सत्य असे गोड असते. परंतु वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे पुढे काय झाले? डेन्मार्कमध्ये व्यायामशाळांतील तपासणीत दोषी ठरलेल्या सुमारे बाराशे पुरुषांची नोंद सरासरी अकरा वर्षे पाहण्यात आली. त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण तिप्पट आणि शिरांतील गुठळ्यांचे दुपटीहून अधिक आढळले. आरशात दंड दिसतो, शिरेतली गुठळी दिसत नाही.

पालकहो, मुलगा तालमीत किंवा जिममध्ये जातो याचा आनंदच माना. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, ती कमवावीच. अंडी, डाळ, मांस, दूध यांनी ते उशिरा कमावले जाईल, एवढेच. मात्र महिन्या-दोन महिन्यांत अंग फुगले, पाठीवर पुरळ उठले, स्वभाव तापट झाला, तर मुलाला रागावण्याआधी जवळ बसवून विचारा. रागावलात की तो लपवील, आणि लपविण्यातच खरा धोका आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, ज्याने घेतले असेल त्याने ऐकावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, किंवा तोंड वाकडे होऊन बोलणे अडखळले, तर मालिश करीत बसू नका. त्याच क्षणी इस्पितळ गाठा. अब्बांच्या भीतीने औषधाचे नाव लपवू नका. गोळ्यांची पट्टी, इंजेक्शनची बाटली, जे असेल ते सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या हातात द्या.