उन्हात रापण्याआधी



होळी झाली की आपल्याकडचं ऊन रंग दाखवू लागतं. करमाळा तालुक्यातल्या केमच्या शिवारात उभं राहणाऱ्याला ते मी काय सांगावं! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि माणूस रापतो. युरोपातली माणसं हौसेनं समुद्रकाठी पडून अंग रापवून घेतात. आपल्याकडं मात्र रापलेली मुलगी दिसली की पाहुणे नाक मुरडतात. रापणं म्हणजे काय, हे दोघांनीही नीट समजून घेतलेलं नसतं.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी काही पेशी असतात. मेलॅनिन नावाचं काळसर रंगद्रव्य बनवायचं, हे त्यांचं काम. सूर्याचे अतिनील किरण आत शिरले की त्या जोमानं कामाला लागतात आणि तयार झालेला रंग शेजारच्या पेशींना वाटतात. तिथं तो पेशीच्या केंद्रावर जाऊन बसतो. आपण डोईला मुंडासं बांधतो ना, अगदी तसा. पण हे मुंडासं एका दिवसात बांधून होत नाही. नवा रंग चढायला तीन-चार दिवस तरी लागतात.

म्हणून वसतिगृहातून सुटीला आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी दुपारभर रानात धाडू नका. कातडी लाल होईल, आग होईल, मग पापुद्रे निघतील. त्याला रापणं नव्हे, भाजणं म्हणायचं. आधी कोवळ्या उन्हात अर्धा तास, मग रोज थोडं थोडं वाढवत न्यावं. शरीरालाही उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे मीठही कमी जातं.

कोवळं ऊन कुठवर, ते घड्याळाशिवाय कळतं. गुरुजी, सकाळच्या शाळेत मैदानावर एक काठी रोवा. तिची सावली काठीएवढी असते तोवर ठीक. सावली आखूड झाली की किरण प्रखर झाले. केमला या दिवसांत हे साडेनऊच्या आतबाहेर घडतं आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सावली पुन्हा काठीएवढी होते. मेच्या मध्याला तर एका दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि काठीची सावली पार नाहीशी होते. मुलांना ते जरूर दाखवा. कवायत मात्र त्याआधी कधीच उरकलेली असू द्या!

आता, रापलं म्हणजे ऊन बाधत नाही, असंही समजू नका. रापल्यानं मिळणारं संरक्षण थोडंच. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना सदरा चढवतात, डोक्याला फडकं गुंडाळतात. शहाणपण त्यांच्याकडून शिकावं. अंगावर कोड असेल तर त्या जागी रंग बनतच नाही, तिथं कापडाला पर्याय नाही. खोबरेल तेलानं कोरडी कातडी मऊ होते, पण ऊन फारसं अडत नाही. आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात आणि मागं काळे डाग राहतात. रंग उजळावा म्हणून चोळायचं, नि पदरात डाग!

केम हे तर कुंकवाचं गाव. हळदीला क्षाराची जोड मिळाली की ती लाल होते, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक. पण बाजारात मिळणाऱ्या काही कुंकवांत निराळे रंग मिसळलेले असतात. कपाळाला खाज सुटून डाग पडू लागला तर उन्हाला दोष देण्याआधी कुंकू बदलून पाहा.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती गोरं करणाऱ्या ट्यूबांची. लग्नसराई आली की मुली त्या आणतात. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि थोडंसं ऊनही सोसवत नाही. घरात कुणी अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावत असेल तर रागावू नका, आणि ती एकदम हिसकावूनही घेऊ नका. अचानक बंद केल्यावर चेहरा अधिकच भडकतो. ट्यूब बरोबर घ्या आणि मुलीला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. ती कशी कमी करत न्यायची, ते डॉक्टर सांगतील.