मनाच्या शोधातला प्रवासी : आबे फारिया

(जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त जालना येथे शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. काही वर्षांपूर्वी मी तो पाहत असता आपल्याच मराठवाड्यातील एक सहल बसमधून उतरली. त्यांतील एका वयस्क गृहस्थांनी पुतळ्याकडे नजर टाकून सोबतच्या मंडळींना सांगितले, "हा इथला मोठा मांत्रिक दिसतो. बाईचं भूत उतरवायलाय." मंडळींनी हात जोडले आणि ती पुढे गेली.

मला प्रथम हसू आले आणि नंतर ओशाळल्यासारखे झाले. कारण ज्या पुरुषाला त्या गृहस्थांनी मांत्रिक म्हटले, त्याने आयुष्याची अखेरची वर्षे नेमक्या उलट गोष्टीसाठी वेचली होती. मांत्रिकाच्या हातात कसलीही शक्ती नसते, जे काही घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते, हे युरोपातील भर सभांतून प्रात्यक्षिकासह सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. त्याचे नाव जुझे कुस्तोदियु द फारिया. जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखते. 'आबे' हे फ्रेंच भाषेत धर्मगुरूच्या नावामागे लावावयाचे उपपद होय.

आज मानसिक आरोग्याच्या दिवशी कोणा मानसोपचारतज्ज्ञाचे स्मरण करावे असे मला सुचविण्यात आले, तेव्हा मी हेच नाव निवडले. काटेकोरपणे पाहता फारिया हे वैद्यही नव्हते. मानसोपचारशास्त्राला युरोपात त्याचे आजचे नाव मिळाले तेच मुळी १८०८ मध्ये, म्हणजे फारियांनी पन्नाशी ओलांडल्यानंतर. तथापि या शास्त्राच्या पूर्वसूरींत त्यांना स्थान आहे. शिवाय मनाला उद्देशून श्लोक रचणारे समर्थ रामदास ज्या जिल्ह्यातील जांब या गावी जन्मले आणि पुढे तीर्थाटनास निघून देशभर फिरले, त्या जिल्ह्यात मनाच्या शोधात फिरलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाची ओळख करून देणे अगदीच अप्रस्तुत ठरणार नाही.

कांदोळी ते पॅरिस

फारियांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बारदेश तालुक्यातील कांदोळी या गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनु हे कोलवाळचे. आईचे नाव रोझा मारिया. घराण्याचे मूळ पुरुष सारस्वत कुळातील असल्याचे सांगतात. आईवडिलांचे पटले नाही. दोघे विभक्त झाली. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. अशा मोडलेल्या घरातील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील फेब्रुवारी १७७१ मध्ये जहाजात बसले आणि नोव्हेंबरमध्ये लिस्बनला उतरले. नऊ महिन्यांचा तो समुद्रप्रवास! तो मुलगा गोव्याला पुन्हा कधी परतला नाही.

लिस्बनहून तो रोमला गेला. तेथील धर्मप्रसार विद्यालयात शिकून १७८० मध्ये त्याने धर्मशास्त्राची डॉक्टर ही पदवी मिळविली, त्याच वर्षी दीक्षा घेतली आणि तो लिस्बनला परतला. याच काळातील एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगितली जाते. राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन देण्याचा मान या तरुणास मिळाला. समोर राणी, सरदार, दरबारी. व्यासपीठावर चढताच त्याची बोबडी वळली. खाली बसलेल्या वडिलांनी हे ओळखले आणि कोकणीत हळूच म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोर माणसे नसून भाजीपाला आहे असे समज आणि काप, असा त्याचा अर्थ. मुलाची भीती तत्क्षणी पळाली आणि प्रवचन अस्खलित झाले. ही गोष्ट शब्दशः घडली की नाही हे पडताळणे आता अशक्यच. पण गोवेकरांनी ती दोनशेहून अधिक वर्षे जपली, यातच तिचे मर्म आहे. दोन शब्दांनी एखाद्याच्या मनाची अवस्था कशी पालटते, हा प्रश्न याच प्रसंगाने फारियांच्या मनात रुजला, असे त्यांचे चाहते मानतात. वर्गात उभे राहून थरथरणाऱ्या मुलांना रोज पाहणाऱ्या शिक्षकांना या गोष्टीचे महत्त्व मी वेगळे सांगावयास नको.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध 'पिंटोंचा कट' उघडकीस आला. एतद्देशीय धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारल्या जात, हे त्यामागील एक प्रमुख कारण. कटवाल्यांपैकी कित्येकांना फासावर चढविण्यात आले. लिस्बनमध्ये फारिया पितापुत्रांवरही संशयाची छाया पडली आणि १७८८ मध्ये पुत्राने पॅरिस गाठले. पुढच्याच वर्षी तेथे राज्यक्रांती झाली! १७९५ च्या उठावात हा गोव्याचा धर्मगुरू एका सशस्त्र तुकडीच्या अग्रभागी होता. १८११ मध्ये मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचा अध्यापक, त्यानंतर नीम येथे आणि १८१३ मध्ये पुन्हा पॅरिस, असा त्यांचा पुढील प्रवास आहे.

"झोपा!"

त्या काळी युरोपात मेस्मर या व्हिएन्नाच्या वैद्याच्या चुंबकविद्येचा बोलबाला होता. प्रत्येक प्राण्याच्या देहातून एक अदृश्य द्रव वाहतो, तो अडला की रोग होतो आणि मेस्मरसारखा समर्थ पुरुष हातवारे करून तो मोकळा करू शकतो, असा त्याचा दावा. रोगी किंचाळत, आचके देत, मूर्च्छा पावत आणि कित्येकांना बरेही वाटे. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे होते, असा कोणताही द्रव नाही आणि हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. समिती येथे थांबली. 'नुसती कल्पना' म्हणून तिने प्रकरण मिटविले. माझ्या अल्पमतीनुसार फारियांचे मोठेपण येथून पुढे सुरू होते. नुसत्या कल्पनेने माणसाला एवढे काही होत असेल, तर ती कल्पना ही केवढी वस्तू असली पाहिजे, असा त्यांचा विचार होता.

११ ऑगस्ट १८१३ पासून क्लिशी मार्गावरील ४९ क्रमांकाच्या घरात त्यांनी जाहीर सभा सुरू केल्या. प्रवेशशुल्क पाच फ्रँक. ना चुंबक, ना दांडी, ना अंगावरून हात फिरविणे. माणसाला आरामात बसवावे, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगावे आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात आज्ञा द्यावी : "झोपा!" काहींना झोप लागे, काहींना मुळीच लागत नसे. ज्यांना लागे ते त्या निद्रेत बोलत, प्रश्नांची उत्तरे देत. साधे पाणी मद्य म्हणून दिले तर त्यांना मद्याची चव येई. या अवस्थेला फारियांनी 'सजग निद्रा' अशा अर्थाचे नाव दिले. निद्रेत दिलेली सूचना जागे झाल्यानंतरही अमलात येते, हेही त्यांनी नोंदविले. माझ्यात काही सामर्थ्य नाही, जे आहे ते तुमच्यात आहे, असे ते श्रोत्यांना परोपरीने सांगत. पैसे देऊन चमत्कार पाहावयास आलेल्या लोकांना हे कितपत रुचले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रक्त पातळ असलेल्यांना ही निद्रा लवकर लागते, असे ते समजत. ते चूक ठरले. स्वतःबद्दल बढाईही मारीत असावेत. शातोब्रियां या प्रसिद्ध लेखकाने लिहून ठेवले आहे की, एका मेजवानीत आपण पिंजऱ्यातील पक्ष्याला मोहिनी घालून मारू शकतो असे फारिया म्हणाले, आणि पक्षी काही मेला नाही.

१८१६ मध्ये पॅरिसच्या एका नाट्यगृहात त्यांची खिल्ली उडविणारे प्रहसन लागले. एका बाजूने चर्चचा रोष, दुसऱ्या बाजूने चुंबकवाद्यांचा, आणि आता हे हसे. सभा बंद पडल्या. मुलींच्या एका वसतिशाळेत धर्मगुरू म्हणून पोटापुरते काम करीत त्यांनी आपला ग्रंथ लिहावयास घेतला. चार खंडांचा संकल्प होता. पहिला खंड १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. मोंमार्त्र येथे त्यांचे दफन झाले; थडग्यावर नाव नाही. पुढे अलेक्झांडर ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीत त्यांचे नाव घेतले खरे, पण त्यांना इटालियन केले आणि तुरुंगात मारले. खऱ्या फारियांचा वारसा चालविला तो वैद्यांनी. फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो व बर्नहाइम यांनी सूचनेच्या तत्त्वावर उपचार सुरू केले, आणि १८८९ मध्ये ते पाहण्यासाठी तेथे सिग्मंड फ्रॉइड गेले. १९०६ मध्ये डॉ. दालगादो या गोमंतकीय वैद्याने फारियांचे चरित्र लिहून तो विस्मृत ग्रंथही पुन्हा छापून आणला. पणजीचा पुतळा १९४५ चा. तो रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडविला.

आपल्या गावी

आता थोडे घरचे. माझ्या आजोळी शेजारच्या एका घरातील सुनेच्या अंगात येई. नात्यागोत्याची नव्हे, पण आजोळच्या रीतीप्रमाणे आम्ही तिला मामी म्हणत असू. दर अमावास्येला मांत्रिक येई. तो लिंबू कापी, धुनी करी, तिचे मनगट दाव्याने खांबाला बांधी आणि वेताने मारी. शेवटी ओरडे, "जा आता!" आणि मामी शांत होई. दहा वर्षांच्या माझ्या मनावर त्या माणसाच्या सामर्थ्याचा जबर ठसा उमटला. पुढे फारियांविषयी वाचताना उलगडा झाला की, त्यातील कामाचा भाग एवढाच : ती दोन शब्दांची आज्ञा आणि तिजवरचा मामीचा विश्वास. दावे आणि वेत यांची गरज कधीच नव्हती. आणि त्या आज्ञेचाही अंमल पुढच्या अमावास्येपर्यंतच टिके, कारण मूळ दुखण्याला कोणी हात लावीत नव्हते. दोन वर्षांनी तिच्या भावाने तिला सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत ती उभी राहिली.

हे आज सांगण्याचे कारण असे की, दावे अजून पुरते सुटलेले नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. साखळीमुळे त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोरखंडाने वा साखळीने बांधणे हा आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. सरपंच व पोलीस पाटील मंडळींनी हे दोन्ही कायदे जवळ ठेवावेत.

परंतु कायद्याने दावे सुटेल. रुग्णाला न्यावयाचे कोठे? राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये नागपूर, रत्नागिरी, ठाणे व पुणे येथे. मराठवाड्यात एकही नाही, ही अनेक वर्षांची उणीव. मंठा किंवा भोकरदन तालुक्यातील कुटुंबाने उग्र झालेल्या माणसाला घेऊन पुणे वा नागपूर गाठावयाचे, म्हणजे काय दिव्य, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. देव जवळ आणि डॉक्टर दूर, अशा स्थितीत माणूस देवाकडे गेला तर त्याला अडाणी म्हणून हिणविण्याचा अधिकार आपणा शासकीय नोकरांना नाही, असे माझे मत आहे. जालना येथे ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयास शासनाने मंजुरी दिली, ती या पार्श्वभूमीवर मोलाची आहे. मात्र सर्वांनाच खाटेची गरज नसते. बहुतेकांना वेळेवर विचारपूस आणि नियमित औषध पुरते. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात आपला जिल्हा होता, आणि आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन केली ती हीच विचारपूस. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवून घ्यावा. लागलाच तर रंगाचा खर्च मी वर्गणी काढून देईन.

आणि श्रद्धास्थानांशी वैर धरू नये. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसतात. मुजावर दुआ देतात आणि रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवितात. आपल्याकडील देवस्थानांच्या विश्वस्तांशी असे बोलणे कोणी करून पाहावयास काय हरकत आहे? मी दोन ठिकाणी बोललो. एके ठिकाणी चहा मिळाला, दुसरीकडे तोही नाही. पुन्हा जाणार आहे.

मामी आता सत्तरीच्या पुढे आहेत. मागच्या दिवाळीत आजोळी गेलो तेव्हा भेटल्या, नातवंडांची नावे सांगितली, चहा करून आणला. कपबशी पुढे करताना त्यांच्या चोळीची बाही वर सरकली, तेव्हा त्यांनी ती दुसऱ्या हाताने खाली ओढून घेतली.